मॅट्रिक आणि महाविद्यालय यांमधले वर्ष

इ. स. १८५९ मध्ये मुंबई विद्यापीठाने आपली पहिली प्रवेशपरीक्षा घेतली, तेव्हा शंभराहून अधिक उमेदवार तिला बसले आणि उत्तीर्णांची संख्या दोन डझनांपर्यंतही पोचली नाही. त्या मोजक्या उत्तीर्णांत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते, आणि १८६२ साली ह्याच विद्यापीठाची बी. ए. ची पदवी प्रथम ज्या चौघांनी मिळविली त्यांतही हे दोघे होते. म्हणून त्या परीक्षेचे स्मरण गौरवाने केले जाते, आणि ते यथायोग्यच आहे. परंतु त्या दिवसापासून मराठी घरांत एका नव्या चिंतेचाही प्रवेश झाला. परीक्षा वर्षातून एकदाच. ती हुकली, की पुढील बारा महिने मुलाने काय करावे, हा प्रश्न घरातील वडीलधाऱ्यांपुढे उभा राही. जो उत्तीर्ण होई त्याच्यापुढेही तोच प्रश्न निराळ्या वेषाने येई: लागलीच महाविद्यालयात नाव घालावे, की एक वर्ष थांबून पैसा, प्रकृती अथवा मनाचा निश्चय यांपैकी जे उणे असेल ते भरून काढावे आणि मग जावे? ज्याला आजची तरुण मंडळी ‘गॅप इयर’ म्हणतात ते वर्ष आपल्याकडे अशा रीतीने विद्यापीठाइतकेच जुने आहे. ते घ्यावे किंवा न घ्यावे हे स्वतः ठरविण्याचा अधिकार मात्र पुष्कळ काळपर्यंत फारच थोड्यांच्या वाट्याला आला, आणि ह्या वर्षाचा इतिहास हा माझ्या मते मुख्यत्वे त्या अधिकाराचा इतिहास होय.

विद्यापीठापूर्वीच्या विद्येला वर्ष हे परिमाणच नव्हते. पाठशाळेतील विद्यार्थी ग्रंथाने मोजला जाई: रूपावली झाली, अमरकोश झाला, पंचमहाकाव्ये चालू आहेत, कौमुदी अजून धरावयाची आहे. वार लावून किंवा माधुकरी मागून राहणारा हा मुलगा पीक काढण्याच्या दिवसांत घरी जाई, वडील आजारी पडले तर दोन-दोन पावसाळे घरीच राही, आणि परत आला म्हणजे जेथे संथा सोडली होती तेथूनच ती पुन्हा घेई. त्याच्या बरोबरीचे विद्यार्थी पुढे गेलेले असत हे खरे, परंतु त्यामुळे त्याचे काही बुडाले असे कोणी म्हणत नसे, कारण श्रावणमासी पुण्यास दक्षिणेसाठी परीक्षा होई तीही विद्वत्तेची होई, तेथे वयाची किंवा इयत्तेची पृच्छा नव्हती. गावातील पंतोजीच्या शाळेतही मूल धूळपाटीवरून मोडी वाचनावर आणि तेथून हिशेबावर आपापल्या गतीने सरकत असे. ह्या पद्धतीतले दोष पुष्कळ होते. तिची दारे बहुजनसमाजाला आणि स्त्रियांना जवळजवळ बंद होती, ही गोष्ट एका क्षणासाठीही विसरता येणार नाही. तथापि थांबणे आणि मागे पडणे ही दोन एकच आहेत, अशी समजूत तिने कोणाच्या मनात रुजविली नव्हती. ती समजूत वार्षिक परीक्षेने आणली आणि सरकारी नोकरीच्या वयोमर्यादेने ती पक्की केली.

वयाच्या ह्या अंमलाची दोन उदाहरणे देण्यासारखी आहेत. १८६९ साली लंडन येथे सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेत चार हिंदी तरुण यशस्वी झाले. त्यांपैकी बंगालचे सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मुंबईचे श्रीपाद बाबाजी ठाकूर या दोघांची नावे, त्यांचे वय मर्यादेपेक्षा अधिक आहे असे ठरवून, यादीतून काढण्यात आली. प्रवेशपरीक्षेच्या वेळी आपल्या लोकांच्या रीतीप्रमाणे चालू वर्ष धरून वय सांगितलेले, आणि विलायतेतील अधिकाऱ्यांनी ते पुरी झालेली वर्षे समजून हिशेब केलेला, असा तो सारा घोटाळा होता. सुरेंद्रनाथांना त्यासाठी क्वीन्स बेंच न्यायालयाची पायरी चढावी लागली, तेव्हा कोठे दोघांचीही नावे पुन्हा रुजू झाली. पुढे लॉर्ड सॅलिसबरी भारतमंत्री असता हीच मर्यादा एकविसावरून एकोणिसावर आणण्याचे ठरले आणि १८७८ पासून तो नियम अमलात आला. तिच्याविरुद्ध देशभर चळवळ झाली, तरी मर्यादा पुन्हा वाढावयास १८९२ साल उजाडावे लागले. सिव्हिल सर्व्हिसला बसणारी मुले मूठभर होती हे कबूल. परंतु वरच्या जागेसाठी जो नियम होतो त्याचे भय खालच्या जागांपर्यंत पसरते, आणि मुलाचे वर्ष म्हणजे त्याच्या नोकरीच्या मुदतीतून कापला जाणारा काळ, हा हिशेब मराठी मध्यमवर्गाच्या मनात येथूनच घट्ट बसला.

दुसरे उदाहरण घरचेच आणि अधिक हृदयद्रावक आहे. धोंडो केशव कर्वे १८७५ साली इतर मुलांबरोबर मुरूडहून साताऱ्यास सरकारी परीक्षेसाठी पायी निघाले. पावसाळ्याचे दिवस, कुंभार्ली घाटाची वाट, शंभराहून अधिक मैलांचे अंतर. आणि एवढे करून परीक्षकांपुढे उभे राहिल्यावर, हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही, असे सांगून अध्यक्षांनी त्यांना परत पाठविले. हाती दाखला असूनही तो उपयोगी पडला नाही. ठाकुरांचे वय अधिक ठरले आणि कर्व्यांचे कमी, परंतु दोघांचाही निकाल कागदाच्या आणि कचेरीच्या हातात होता. ह्या मुलाने पुढे कोल्हापुरास ती परीक्षा दिली, रत्नागिरीस आणि मुंबईस इंग्रजीचा अभ्यास केला, आणि तो मॅट्रिक झाला तो १८८१ साली, म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षी. तीन वर्षांनी तो बी. ए. झाला. आजच्या घरात तेविसाव्या वर्षी मॅट्रिक होणाऱ्या मुलाविषयी कोणत्या भाषेत बोलले जाईल याची कल्पना वाचकांनीच करावी. कर्व्यांनी स्वतः ‘आत्मवृत्ता’त ह्या साऱ्या हकिगती लिहिल्या आहेत, आणि त्या वाचताना मनावर ठसतो तो त्यांतील अक्रोध.

कर्व्यांसारख्यांचे थांबणे हे दारिद्र्याने आणि नियमांनी लादलेले होते. त्या पिढीतील बहुसंख्य मुलांचे मधले वर्ष कोठे जाई, तर मामलेदार कचेरीतल्या उमेदवारीत. उमेदवारी ही त्या काळची एक मोठी संस्थाच होती. बिनपगारी अथवा नाममात्र मुशाहिऱ्यावर मुलाने कचेरीत यावे, बारनिशी लिहावी, अर्जांच्या नकला कराव्यात, जमाबंदीच्या दिवसांत कारकुनांच्या हाताखाली रात्री जागवाव्यात, आणि एखादी जागा रिकामी झाली म्हणजे साहेबापुढे आपले नाव जाईल ह्या आशेवर वर्षे काढावीत, असा तो क्रम असे. पुष्कळ मुले एका वर्षासाठी म्हणून उमेदवारीस लागली आणि तेथेच जन्मभर राहिली. महाविद्यालयाचा विचार घरच्यांनी मोठ्याने काढून न टाकता नुसता मनातल्या मनात विझू दिला. गोपाळ गणेश आगरकर हे ह्याच वाटेने गेले असते. टेंभूसारख्या लहानशा गावात १८५६ साली जन्मलेल्या ह्या मुलाने कऱ्हाडच्या कचेरीत उमेदवारी केली, दवाखान्यात कंपाउंडरचे काम केले, शिक्षणासाठी रत्नागिरीची वाट पायी तुडविली, आणि अखेर अकोल्यास नातलगांच्या आश्रयाने राहून १८७५ साली मॅट्रिक साधली. डेक्कन कॉलेजात एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालणाऱ्या आगरकरांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्या सदऱ्याच्या आधी कचेरीची बैठक आणि दवाखान्यातील खलबत्ता होता, आणि ‘सुधारका’च्या लेखांत सामान्य माणसाच्या दैन्याविषयी जी प्रत्यक्ष जाण दिसते तिचा उगम मला तेथेच शोधावासा वाटतो.

ह्या सर्वांपेक्षा अगदी निराळे असे एक वर्ष त्याच दशकात त्याच महाविद्यालयात घडले. बाळ गंगाधर टिळकांचे वडील गंगाधरपंत १८७२ साली निवर्तले. त्यानंतर काही महिन्यांतच टिळक मॅट्रिक उत्तीर्ण झाले आणि १८७३ च्या आरंभी डेक्कन कॉलेजात दाखल झाले. वय सोळा, विवाह झालेला, पितृछत्र हरपलेले, पालनकर्ते चुलते, आणि शरीर इतके कृश की जन्मभर काही मोठे कार्य त्याच्या हातून व्हावे अशी आशा कोणी बाळगू नये. अशा मुलाने वास्तविक त्या वर्षी पुस्तकांत डोके घालून बसावयाचे. टिळकांनी नेमके उलट केले. त्यांनी ते वर्ष शरीराला देऊन टाकले: पहाटे तालीम, जोर-बैठका, कुस्ती, नदीत पोहणे, नाव वल्हविणे, आणि त्याला साजेसा आहार. अभ्यासाकडे दुर्लक्ष झाले ते आळसाने झाले नव्हते, ते ठरवून झाले होते. आणि त्याचा परिणाम म्हणून पहिल्या वर्षाच्या परीक्षेत अपयश आले, तेही त्यांनी किंमत म्हणून स्वीकारले. पुढील वर्षांत गणितात त्यांनी प्रथम वर्गाची बी. ए. मिळविली हे पाहिले म्हणजे बुद्धीच्या उणेपणाचा प्रश्नच उरत नाही.

ह्या प्रसंगाचे मला विशेष महत्त्व वाटते, आणि ते टिळकांच्या थोरवीमुळेच केवळ नव्हे. एक वर्ष शरीरासाठी द्यावयाचे, त्याचा मोबदला परीक्षेत मिळणार नाही हे जाणून द्यावयाचे, आणि ज्या घराला एक एक रुपयाचा हिशेब होता त्या घरातील मुलाने द्यावयाचे, हे धैर्य सोळाव्या वर्षी कोठून येते? मंडालेच्या कारागृहातील सहा वर्षे, १९०८ ते १९१४, पन्नाशी ओलांडलेल्या, मधुमेहाने पीडिलेल्या ह्या पुरुषाने काढली आणि तेथेच ‘गीतारहस्य’ लिहिले, त्यामागे डेक्कन कॉलेजातील त्या तालमीचे बळ होते असे चरित्रकार म्हणतात आणि मलाही ते पटते. तथापि एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. टिळकांचे नाव त्या वर्षी महाविद्यालयाच्या हजेरीपटावर होते. खोली होती, शुल्क भरलेले होते, आणि म्हणून त्या वर्षाबद्दल कोणी जाब विचारला नाही; अनुत्तीर्ण होणे हे त्या काळी सर्वसाधारणच होते. हेच वर्ष त्यांनी घरी राहून काढले असते, तर आप्तेष्टांनी ते चालू दिले असते की नाही, याची मला शंका आहे.

मुलींच्या बाबतीत प्रश्नाचे स्वरूपच वेगळे होते. मुंबई विद्यापीठाने १८८३ साली स्त्रियांना परीक्षांस बसण्याची मुभा दिली, परंतु मुलगी एक वर्ष घरी राहिली की त्या वर्षाला स्थळे येत आणि वर्ष संपण्यापूर्वी विवाह होई. मुलाचे जे एक वर्ष बुडे ते मुलीचे संपूर्ण शिक्षण असे. म्हणून नाशिकास जन्मलेल्या आणि पुण्यात वाढलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांची हकिगत अपवाद म्हणूनच सांगावी लागते. डेक्कन कॉलेजातील ही पहिली विद्यार्थिनी अंतिम परीक्षेत आपल्या महाविद्यालयात सर्वांच्या वर आली, आणि तरीही विलायतेत शिकण्यासाठी असलेली सरकारी शिष्यवृत्ती, उमेदवार स्त्री आहे ह्या एकाच कारणासाठी, तिला नाकारण्यात आली. तेव्हा ती अहमदाबादेस गुजरात कॉलेजात इंग्रजी शिकवावयास गेली, मुलग्यांच्या वर्गापुढे उभी राहिली, आणि इंग्लंडमधील हितचिंतकांनी निधी जमविल्यावर १८८९ मध्ये ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाली. तिचे मधले वर्ष तिने मागितलेले नव्हते. परंतु त्या वर्षी तिने हाती घेतलेले काम तिने स्वतः निवडलेले होते, आणि तिच्या आईवडिलांनी त्याला विरोध केला नाही, हे त्या काळी फार होते.

शिकवून पैसा साठवावा आणि मग अर्धी राहिलेली विद्या पुरी करावयास परत जावे, हीच वाट पुढे एका महापुरुषाने अधिक कठीण परिस्थितीत चोखाळली. भीमराव आंबेडकर यांची बडोदे सरकारची शिष्यवृत्ती १९१७ साली संपली, तेव्हा लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून त्यांना स्वदेशी यावे लागले; चार वर्षांच्या आत परत येऊन तो पुरा करण्याची परवानगी मात्र त्यांनी घेऊन ठेवली होती. बडोद्यास जे अपमान सोसावे लागले ते सर्वश्रुत आहेत. १९१८ च्या नोव्हेंबरपासून मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवीत त्यांनी पगारातून पै-पै वाचविली, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज त्यात मिळविले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. ज्याने परत जाण्याची तारीख आधी बांधून घेतली त्याचेच थांबणे प्रवासातला मुक्काम ठरते. नुसते थांबलेल्याचे ते घर होते. ह्या दृष्टीने ती चार वर्षांची परवानगी मला त्यांच्या पदव्यांइतकीच बोलकी वाटते.

१९२० साली प्रश्न एका घराचा राहिला नाही, तो देशाचा झाला. त्या वर्षाच्या अखेरीस काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात असहकारितेच्या कार्यक्रमावर शिक्कामोर्तब झाले, सरकारी आणि सरकारी अनुदानाच्या शाळा-महाविद्यालयांवर बहिष्कार पुकारण्यात आला, आणि एका वर्षात स्वराज्य ही गांधीजींची घोषणा घरोघर पोचली. इतिहासात बहुधा प्रथमच सहस्रावधी विद्यार्थ्यांना एकाच वेळी, एकाच प्रश्नावर, एका वर्षासाठी निर्णय घ्यावा लागला. महाविद्यालय सोडावे काय? सोडले तर कोणत्या मुदतीपर्यंत? स्वराज्य मिळेपर्यंत, की राष्ट्रीय विद्यापीठ निघेपर्यंत, की वडिलांची समजूत पडेपर्यंत? अहमदाबादेस गुजरात विद्यापीठ १९२० मध्येच निघाले. पुण्यात १९२१ साली टिळक महाराष्ट्र विद्यापीठ उभे राहिले. पाटण्यास जयप्रकाश नारायण परीक्षा अगदी समोर आली असता महाविद्यालयातून बाहेर पडले. रवींद्रनाथ ठाकुरांनी ह्या बहिष्काराविरुद्ध उघड मत दिले. विद्यार्थ्यांना एक शिक्षण सोडावयास सांगताना दुसरे काय दिले जात आहे, हा त्यांच्या आक्षेपाचा मथितार्थ होता, आणि तो फेटाळून लावण्यासारखा नव्हता. १९२२ च्या फेब्रुवारीत चौरीचौरा येथील हत्याकांडानंतर चळवळ तहकूब झाली, तेव्हा बाहेर पडलेल्यांपैकी पुष्कळजण गुपचूप परत आपापल्या वर्गांत जाऊन बसले. मी त्यांना दोष देत नाही. त्यांना दिलेली मुदत एका वर्षाची होती, वर्ष उलटले होते, आणि ज्या घरांनी ते वर्ष सोसले त्यांच्या जवळ दुसरे सोसण्याइतके बळ नव्हते. परंतु काहीजण परतले नाहीत, आणि नागपूरचे दादा धर्माधिकारी, आचार्य शं. द. जावडेकर यांच्यासारख्यांनी विद्यापीठातील पुढील शिक्षणाचा विचार कायमचा सोडून मराठी विचारविश्वाला जे दिले ते विद्यापीठाच्या कोणत्याही दाखल्यात मावणारे नाही.

ह्या सामुदायिक निर्णयाच्या काही वर्षे आधी एका तरुणाने एकट्याने घेतलेला निर्णय मला ह्या सर्व इतिहासाचा गाभा वाटतो. विनायक नरहर भावे, म्हणजे पुढचे विनोबा, १९१६ च्या मार्चमध्ये बडोद्याहून इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघाले आणि वाटेत सुरतेस उतरून काशीच्या गाडीत बसले. आपली प्रशस्तिपत्रे त्यांनी तत्पूर्वीच चुलीत घातली होती. हा भाग पुष्कळांना ठाऊक असतो. त्याच्या पुढचा भाग मात्र तितकासा सांगितला जात नाही. गांधीजींच्या आश्रमात दाखल झाल्यानंतर विनोबांनी प्रकृती आणि अध्ययन ह्या दोन कारणांसाठी एका वर्षाची रजा मागितली, आणि ते वाई येथे नारायणशास्त्री मराठे यांच्या प्राज्ञपाठशाळेत जाऊन राहिले. तेथे त्यांनी उपनिषदे, शांकरभाष्यासह ब्रह्मसूत्रे, मनुस्मृती आणि पातंजल योगदर्शन यांचे अध्ययन केले. गीतेचे आणि ज्ञानेश्वरीचे विनामूल्य वर्ग चालविले. विद्यार्थी मंडळ स्थापून त्याच्या वाचनालयासाठी, मंडळातील तरुणांनी दळण दळावे आणि त्या मजुरीतून पुस्तके घ्यावीत, अशी व्यवस्था लावली. आणि सह्याद्रीतील किल्ले पाहात सुमारे चारशे मैल पायी प्रवास केला. आहाराचे प्रयोग चालूच होते.

१९१८ च्या फेब्रुवारीत त्यांनी ह्या साऱ्याचा वृत्तांत गांधीजींना एका दीर्घ पत्राने कळविला. काय वाचले, किती जणांना काय शिकविले, किती चाललो, कोणती व्रते पाळली आणि कोणती साधली नाहीत, असा तो जमाखर्च आहे. आणि ज्या दिवशी रजा संपत होती त्याच दिवशी विनोबा आश्रमात परत रुजू झाले. वर्ष मागताना त्यांनी कारण सांगितले होते, वर्षात काय करावयाचे हे स्वतः ठरविले होते, आणि वर्ष संपल्यावर ज्यांच्याकडून ते मागून घेतले त्यांना त्याचा हिशेब दिला होता. विद्यापीठाला पाठ फिरवून गेलेल्या ह्या तरुणाइतका काटेकोर विद्यार्थी विद्यापीठांतही विरळाच. वाईच्या पाठशाळेत जुन्या पद्धतीची संथा होती, म्हणजे मोजमाप ग्रंथाचे होते. विनोबांनी नव्या युगातील वर्षाची मुदत तीवर घातली, आणि ह्या दोन पद्धतींचा इतका सुंदर मेळ दुसऱ्या कोणाच्या चरित्रात मला आढळलेला नाही.

कारागृहातही काहींची वर्षे गेली. यशवंतराव चव्हाणांना १९३२ साली कऱ्हाडास झेंडा लावल्याबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा झाली, येरवड्यास मोठ्या माणसांच्या सहवासात त्यांचे वाचन झाले, आणि १९३४ मध्ये ते मॅट्रिक होऊन कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. बेचाळीसच्या ऑगस्टनंतर साताऱ्यापासून नागपुरापर्यंत किती मुलांच्या परीक्षा हुकल्या याची गणती करणे कठीण आहे.

साताऱ्याचेच कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ह्या मधल्या वर्षाचे मूळ कारण ओळखले आणि त्यावर जो उपाय केला तो पाठ्यपुस्तकांतून सांगितला जातो त्यापेक्षा खोल आहे. गरीब मुलाने आधी एक वर्ष कमवावे आणि मग शिकावे, हा क्रम बहुधा पुरा होत नाही, कारण कमाई सुरू झाली की घराची गरज तिच्याभोवती वाढते. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना करून, पुढे साताऱ्यास वसतिगृह काढून, आणि १९४७ मध्ये तेथेच छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू करून त्यांनी कमाई आणि शिक्षण एकाच दिवसाच्या पोटात आणली. सकाळी शेतात किंवा बांधकामावर श्रम, दुपारी वर्ग, रात्री अभ्यास. ज्या मुलाचे मधले वर्ष कचेरीत किंवा मळ्यात कायमचे हरवले असते, त्याच्यावर ते वर्ष घेण्याची पाळीच येऊ नये, अशी ही योजना होती. माझ्या मते महाराष्ट्रातील उच्च शिक्षणाच्या इतिहासात विद्यापीठांच्या स्थापनेनंतरची ही सर्वांत महत्त्वाची घटना होय.

‘गॅप इयर’ हे आजचे नाव आणि त्यासोबतची कल्पना इंग्लंडातून आली, हे खरे आहे. तेथे ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची स्वतंत्र प्रवेशपरीक्षा शालान्त परीक्षेनंतरच्या हिवाळ्यात होई आणि सत्र पुढील ऑक्टोबरात सुरू होई, त्यामुळे कित्येक महिने मोकळे राहत. महायुद्धानंतर सक्तीची लष्करी सेवा होती तोवर पुष्कळजण ती विद्यापीठापूर्वीच उरकीत. आणि ती बंद होण्याच्या सुमारास, १९५८ साली, अलेक डिक्सन यांनी शाळा संपविलेल्या तरुणांना परदेशी सेवाकार्यासाठी पाठविणारी संस्था काढली. त्या मुलांची विद्यापीठातील जागा राखून ठेवलेली असे. हा एकच फरक फार मोठा आहे. आपल्याकडे जागा राखली जात नाही. थांबलेल्या मुलाला पुन्हा सर्वांबरोबर रांगेत उभे राहावे लागते.

म्हणूनच आज लातूरला किंवा कोट्याला बारावीनंतर ‘ड्रॉप’ घेणारी मुले वैद्यकीय अथवा अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेसाठी जे वर्ष देतात, ते नावाने मधले वर्ष असले तरी त्यातील एकही दिवस मोकळा नसतो. जेईई अॅडव्हान्स्डला सलग दोनच वर्षे बसता येते, ही अट एकोणिसाव्या शतकातील वयोमर्यादेची सख्खी वारस आहे. ‘रिपीटर’च्या वर्गात बसलेल्या मुलांपैकी कित्येकांनी हा निर्णय स्वतः घेतलेला असतो आणि कित्येकांच्या वतीने तो वडिलांनी, मामांनी आणि शिकवणीच्या संचालकांनी घेतलेला असतो; दोघे एकाच बाकावर बसतात आणि बाहेरून सारखेच दिसतात. पहिल्या मुलाला अपयश आले तरी वर्ष त्याचे राहते. दुसऱ्याला यश आले तरी ते दुसऱ्या कोणाचे तरी असते, असे मी ह्या विषयावर ज्या ज्या घरांत बोललो तेथे पाहिले आहे. वडीलधाऱ्यांच्या भयाला मी क्षुद्र लेखीत नाही. दीडशे वर्षांच्या नियमांनी, मर्यादांनी आणि हुकलेल्या नोकऱ्यांनी ते भय त्यांच्यात उतरले आहे, आणि ज्या घरात पुढच्या वर्षीच्या शुल्काची तरतूद नाही तेथे ते पूर्णतः सकारण आहे. परंतु तेथेही मुलाला विचारून घेता येते, आणि मुलीला तर अधिकच. कारण तिच्या वर्षात अजूनही स्थळे येतात.

आणि असे वर्ष घेऊन मुलगा महाविद्यालयाच्या प्रवेश-खिडकीपुढे उभा राहिला, की त्याच्याकडे गॅप प्रमाणपत्र मागितले जाते. मुद्रांकावर किंवा साध्या नमुन्यावर, नोटरी अथवा तहसील कार्यालयासमोर, तो प्रतिज्ञेवर लिहून देतो की ह्या काळात मी अन्यत्र कोठेही प्रवेश घेतला नाही आणि कोणत्याही गैरकृत्यात सहभागी नव्हतो. प्रत्येक विधान नकाराचे. तहसीलाच्या आवारातील अर्जनवीस ही वाक्ये न विचारता टंकलिखित करून देतात, मुलगा न वाचता सही करतो, आणि तो कागद फाइलीत जातो. ज्या मुलाने त्या वर्षात आजोबांची शुश्रूषा केली, किंवा सुतारकाम शिकून घेतले, किंवा पहिल्या प्रयत्नात न जमलेले गणित दुसऱ्यांदा खऱ्या अर्थाने समजून घेतले, त्याला ते लिहावयास त्या नमुन्यात जागा नाही. ही जागा महाविद्यालयांना सहज करता येईल. प्रतिज्ञापत्रासोबत एक कोरे पान द्यावे, ह्या वर्षाचा जमाखर्च तुझ्या शब्दांत लिही असे सांगावे, आणि ते पान फाइलीला लावण्यापूर्वी प्रवेशसमितीतील एखाद्या अध्यापकाने वाचून मुलाशी पाच मिनिटे त्यावर बोलावे.